औषध नंतर, आधी खुराड्याचा पत्रा बघा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याकडे राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, कामापुरतं देतो.

‘जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून मुलांनी हट्टाने सहा रंगीत पिलं आणली, गुलाबी आणि हिरवी. चार आठवडाभरात गेली, दोन जगली. ती वाढताना बघून मलाच नाद लागला आणि मोहोळजवळच्या माहेराहून सात गावरान कोंबड्या आणल्या. परसात सहा बाय चार फुटांचं, तीन फूट उंचीचं लाकडी खुराडं केलं, वर पत्रा घातला. मार्च-एप्रिलमध्ये रोज दोन-तीन अंडी मिळायची. मेमध्ये एका दुपारी तीन कोंबड्या मेल्या. उरलेल्या चौघींनी अंडी बंद केलीत. शेवटची दोन अंडी पातळ कवचाची होती, एक तर बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्यात. दोघींचे तुरे पांढरेफटक पडलेत. एक दिवसभर कोपऱ्यात बसून असते, हात लावला तर अंगावर येते. दुकानातून पिवळी पावडर आणून पाण्यातून देतेय, फरक नाही. शेजारी वासाची तक्रार करतात. त्यात ती दोन पिलं कोंबडे निघाली, पहाटे चारला बांग देतात. सासूबाई म्हणतात, विकून मोकळी हो. कोणतं औषध देऊ?’

ताई, ती पिवळी पावडर आजच बंद करा. वर्णनावरून ती अँटिबायोटिक दिसते. जंतूंवरचं औषध उन्हावर चालत नाही, गोचिडांवर चालत नाही आणि खुडूक (अंड्यांवर बसू पाहणाऱ्या) कोंबडीवर तर नाहीच नाही. तुमच्या पत्रात मला हीच तीन दुखणी दिसतात आणि त्यातलं एक मुळात दुखणंच नाही. पावडर चालू असताना कुणी अंडं घातलं असतं तरी ते खाण्याजोगं नव्हतं, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो. औषध थांबवल्यावर अंडी किती दिवस टाळायची ते पाकिटावर छापलेलं असतं. नसेल तर पाकीट घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि विचारा.

मी याच जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. लोक कोंबडी पिशवीत घालून आणायचे आणि म्हणायचे, ‘एक सुई मारा.’ मी विचारायचो, ‘खुराड्यावर काय आहे?’ उत्तर ठरलेलं असायचं, पत्रा.

तुमच्या तिघी रोगाने गेल्या असं मला वाटत नाही. सकाळपर्यंत खात-पीत होत्या, एकाच दुपारी गेल्या आणि त्यानंतर चौथी मेली नाही. मर (रोगाची साथ) लागली असती तर ती तिघींवर थांबली नसती. त्या उन्हाने गेल्या, आणि नेमकं सांगायचं तर पत्र्याने गेल्या.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश. आता आपल्याकडची मेमधली दुपार आठवा, सावलीतच पारा ४२-४३ ला टेकलेला. बाहेरची हवा तिच्या अंगाइतकीच तापलेली, म्हणजे अंगातली उष्णता हवेत सोडायची सोयच उरत नाही. मग चोच उघडून धापा टाकायच्या, घशातल्या ओलाव्याची वाफ करायची आणि तेवढाच गारवा मिळवायचा. सावलीत ही गत, तर तुमच्या खुराड्यात तापलेला पत्रा तिच्या डोक्यावर जेमतेम हातभर अंतरावर आहे. एकदा दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली उकिडवं बसून बघा. पाच मिनिटं नाही बसवणार.

जागेचं म्हणाल तर सहा बाय चार नऊ पक्ष्यांना पुरेसं होतं. चुकली ती उंची. पत्रा पाच-साडेपाच फुटांवर न्या, पूर्वेकडे थोडा चढता ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात मारा. पुढच्या फाल्गुनात त्यावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या वीतभर जाडीच्या अंथरा आणि सुतळीने आवळून बांधा, नाहीतर वळवाच्या पहिल्या वावटळीत त्या शेजाऱ्यांच्या अंगणात जातील आणि तक्रारींत एकीची भर पडेल. आपल्या मुलखात कडबा मिळायला अडचण नाही. पाऊस लागला की तो उतरवायचा, कारण कुजला की घुशी आत घर करतात. परसात कडुलिंब असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि खुराडंच उचलून लिंबाखाली न्या. लिंबाच्या सावलीला तोड नाही.

पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावून दुपारी भिजवता येतं. पण वारा खेळता असेल तरच. चारी बाजूंनी ओली पोती लावून आत दमट कोंडवाडा केला तर धापा टाकूनही गारवा मिळत नाही. वाफ जायला हवा कोरडी लागते. आपली हवा कोरडी आहे हे कोंबड्यांचं नशीब, ते आपण घालवू नये.

पाण्याबद्दल तुम्ही ‘पाणी कायम भरलेलं असतं’ एवढंच लिहिलंय. कुठलं पाणी? आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून गच्चीवर टाकी, आणि टाकीतलं पाणी उन्हाळ्यात अकरा वाजताच हात पोळवतं. ते पाणी कोंबडी पीत नाही. चोच बुडवते, मान झटकते आणि निघून जाते. भांडं भरलेलं आणि कोंबडी तहानलेली, हे मी स्वतःच्या घरी पाहिलंय. नोकरी खात्यातली, रोज लोकांना शहाणपण सांगायचो, आणि माझ्याच परसात लोखंडी घमेलं उन्हात ठेवलेलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्या दोन चांगल्या तलंगा (तरुण कोंबड्या) गेल्या. तेव्हापासून मातीचं परळ, सावलीत, विटेवर ठेवलेलं. पाणी रात्री माठात भरून ठेवायचं आणि सकाळी, बाराला आणि तीनला बदलायचं. उन्हाळ्यात कोंबडीचं पाणी दुपटीच्या पुढे जातं, म्हणून दोन जागी ठेवा. एका भांड्यावर एखादी भांडखोर कोंबडी दुसरीला येऊ देत नाही.

दाणा सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळी भांडं उचलून ठेवा. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती दुपारी नको असते. एखादी पंख पसरून, मान लांबवून, चोच वासून पडलेली दिसली तर सावलीत न्या, पाय साध्या पाण्यात बुडवा, तुरा आणि गळ्याखालची लाल कातडी ओली करा. बर्फ नको, घशात पाणी ओतायचं तर मुळीच नको.

पातळ कवचही याच उन्हाचं आहे. अंड्याचं कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्याला नुसता चुना पुरत नाही, रक्तातला कर्बवायूही लागतो. दिवसभर धापा टाकणारी कोंबडी तो श्वासावाटे घालवून बसते. वर उन्हाने खाणं कमी झालेलं, म्हणजे चुनाही कमी. शिंपल्याचा चुरा खाद्याच्या दुकानात मिळतो, तो एका वाटीत वेगळा ठेवा. जिला लागेल ती स्वतः टिपते. घरातली अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतं. अख्खी टाकू नका. आपलंच अंडं फोडून खायची चटक लागली तर ती कोंबडी सुधारत नाही.

आता पांढऱ्या तुऱ्याच्या दोघी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे दुखणं आपल्याकडच्या कोरड्या, उष्ण हवेत भरपूर आहे आणि दिवसा बघणाऱ्याला ते कधीच सापडत नाही.

आज रात्री नऊ-साडेनऊनंतर बॅटरी आणि एक जाड सुई घेऊन खुराड्यात जा. कोंबड्या दांडीवर बसलेल्या असतील. त्यांच्या पायांवर, पंखाखाली उजेड मारा. मग दांडी जिथे भिंतीच्या फळीला टेकते तो सांधा बघा. लाकडाच्या फटीत सुई घालून उकरा. चपटा, अंडाकृती, पोट रिकामं असेल तर तांबूस-तपकिरी आणि रक्त प्यालेला असेल तर निळसर-करडा, ढेकणापेक्षा मोठा किडा बाहेर आला तर तुमचं उत्तर मिळालं. हा कोंबडीचा गोचीड. गाई-म्हशींचा गोचीड अंगाला चिकटून बसतो, हा तसा नाही. हा रात्री अंधारात फटीतून निघतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत. दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करा, मोठा गोचीड दिसणार नाही. दिसलीच तर पंखाखालच्या उघड्या कातडीवर मोहरीएवढी काळपट दाण्यासारखी पिल्लं दिसतील, ती मात्र काही दिवस चिकटून राहतात.

रोज रात्री वीस-पंचवीस गोचीड एका कोंबडीवर जेवत असतील तर तुरा पांढरा पडायला काय वेळ लागतो? अंडी कुठून येणार? शिवाय हे गोचीड एका जातीचा तापही पसरवतात. कोंबडी पिसं फुगवून डोळे मिटून बसते आणि शीट हिरवट पातळ होते. त्यावर इंजेक्शन आहे आणि वेळेत दिलं तर उपयोग होतो. तुमच्या दोघींपैकी कुणाची शीट तशी असेल तर उद्याच्या उद्या दवाखाना. तिथे मात्र ‘सुई मारा’ म्हणायला हरकत नाही.

माझ्या एका कोंबडीला मी महिनाभर यकृताचं टॉनिक पाजलं होतं. तुरा पांढराच. शेवटी आईने सांगितलं, ‘अरे, रात्री खुराड्यात खुडबुड ऐकू येते, झोपत नाहीत त्या.’ बॅटरी घेऊन गेलो तर दांडीच्या टोकाला, बोट घालावं एवढ्या भेगेत, थर लागलेला.

उपाय कोंबडीपेक्षा खुराड्यावर करायचा असतो. हा गोचीड उपाशी महिनोन्‌महिने जगतो, वर्षभरही काढतो, म्हणून ‘महिनाभर खुराडं मोकळं ठेवलं’ याने काही होत नाही. कोंबड्या बाहेर काढा, अंथरूण सगळं काढून जाळा. लाकडाचा प्रत्येक सांधा ब्लो लॅम्पच्या ज्योतीने शेकून घ्या, नाहीतर उकळतं पाणी फटींमध्ये ओता, दोन-चार दिवसांनी पुन्हा ओता. (शेकताना वर कडबा नसावा हे सांगायची गरज नाही, पण सांगतो.) मग फटी चुना-सिमेंटने बुजवा आणि आतून चुना मारा. लाकडी दांडी फेकून द्या. तिच्याजागी गुळगुळीत बांबू घ्या, आणि तो भिंतीला न टेकवता दोन्ही टोकांना तारेने वरून टांगा. तारेला जुनं तेल लावलेली चिंधी गुंडाळा. गोचिडाला कोंबडीपर्यंत पोचायचा रस्ताच राहणार नाही. फवारणीचं औषध लागलंच तर ते आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. जनावरांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कोंबड्यांना आंघोळ घालणारे मी पाहिलेत. गोचीड वाचले, कोंबड्या गेल्या.

रात्री काहीच सापडलं नाही तर जंतांचा विचार करा. शीट दवाखान्यात तपासून मिळते. पण माझी पैज गोचिडावर आहे. लाकडी खुराडं आणि गावाकडून आलेल्या कोंबड्या म्हटल्यावर दुसरं काय.

कोपऱ्यात बसून अंगावर येणारी आजारी नाही, ती खुडूक आहे. आजारी कोंबडीच्या अंगात भांडायचं त्राण नसतं. ही पिसं फुलवून गुरगुरते ना? पोटाखाली हात घाला, गरम आणि पिसं गळालेलं लागेल. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि बसते, हा तिचा धर्म आहे. वर्षाकाठी पन्नास-साठ-सत्तर अंडी, त्यावर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. जास्त अंडी हवी असतील तर ग्रामप्रियासारखी जात घ्या, ती गावरानच्या दुप्पट-तिप्पट अंडी देते, पण पिलं काढायचं काम गावरानलाच सांगावं.

तिला आत्ता अंड्यांवर बसवू नका. तुमचे कोंबडे अजून कोवळे, जुनी अंडी उन्हात पडून बिघडलेली, आणि पाऊस तोंडावर. कोजागिरीच्या सुमाराला हवा बसली की रवणीला (अंडी उबवायला) बसवा, दहा-बारा ताजी, आठवड्याच्या आतली अंडी ठेवून, बरोबर २१ दिवस. अंडी फळलेली हवीत, ती माहेराहून आणा. सातव्या रात्री अंडं बॅटरीवर धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मुलांना दाखवा, यात्रेतल्या गुलाबी पिलापेक्षा ती गंमत मोठी आहे. आत्ता मात्र तिची खुडूक मोडायची तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, विटांवर उचलून, तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून वारा लागला की ती बसायचं विसरते. दाणा-पाणी पूर्ण द्यायचं. नाकपुडीत पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे आपले जुने प्रकार आहेत, ते नकोत.

चौथीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे ती बरी असावी. तिच्या शेपटीखाली दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे आणि बहुधा तुमच्या नजरेआड कुठेतरी घालते आहे. कुंड्यांच्या मागे, सरपणात शोधा. एकच बोट मावलं तर ती खरंच थांबली आहे.

आता शेजारी. त्यांची बाजू खरी आहे, ताई. कोंबडीचा वास येत नाही, ओल्या शीटीचा येतो. पायाखाली काय घातलंय तुम्ही? फरशी किंवा माती असेल तर वास येणारच. भुईमुगाची टरफलं आणा. ज्या गावात शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही तिथे टरफलांना काय तोटा! फक्त कोरडी, बुरशी नसलेली बघून घ्या. चार बोटं जाड थर द्या, दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करा, ओली झालेली जागा तेवढी काढून टाका आणि तिथे चुना भुरभुरा. खुराड्यात कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन बघा, डोळे चुरचुरले तर थर बदलायची वेळ झाली. काढलेलं अंथरूण खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवा, ताजं घातलं तर झाडं जळतात. शेजारी अंडी खात असतील तर अधूनमधून अंडी द्या, खात नसतील तर त्यांच्या मोगऱ्याला हे खत द्या. वासाची तक्रार करणारेच पुढच्या वर्षी ‘अजून एक पाटी आहे का’ विचारतात.

बांगेवर मात्र खत चालत नाही. दोन्ही कोंबडे काढा. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण खरं आहे. कोंबडा नसला तर अंडं फळत नाही, बाकी अंडं तेच. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर ते एकमेकांना आणि कोंबड्यांच्या पाठींना सोलून काढतील. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हव्यात.

आणि ते दोन्ही कोंबडेच निघाले यात नवल नाही. यात्रेत विकली जाणारी रंगीत पिलं बहुतेक अंड्यावरच्या जातीचे नर असतात. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मादी आणि नर वेगळे काढतात. या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसावरच्या कोंबडीसारखा भरतही नाही, म्हणून तो कुणाला नको असतो. मग रंगात बुडवून स्वस्तात फेरीवाल्याकडे जातो. चार पिलं गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात पिलाला ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी, आणि जानेवारीतली आपली रात्र पंधरा-सोळा अंशांची. खोक्यात बल्ब लावलेला नसेल तर ती जगणार नव्हतीच. दोन जगली हे मुलांचं कौतुक. ते कोंबडे आता मुलांचे लाडके असणार, म्हणून ते माहेरी पाठवा आणि सुट्टीत मुलांना भेटायला न्या. सासूबाईंचा बेत रस्सा करायचा असेल तर तेही चुकीचं नाही, पण पावडरीचं पाणी त्यांनीही प्यालंय, औषधाची मुदत संपेपर्यंत थांबा आणि मुलांना खोटं सांगू नका.

मृग आला आहे, त्यामुळे पुढची कामं क्रमाने करायला हवीत. आधी गोचीड आणि पत्रा. मग आठ-दहा दिवस कोंबड्यांना सावरू द्या. मग मानमोडीची लस. मानमोडी म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, चोच वासून श्वास घेतात, हिरवी हगवण लागते, पंख-पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. तुमच्या कोंबड्यांच्या वयाला पंखाखाली टोचायची लस देतात. आजारी किंवा रक्त कमी असलेल्या कोंबडीला लस देऊ नये, म्हणून हा क्रम.

लसीची अडचण अशी की एक कुपी शंभर कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी फोडत नाही. तुमच्या भागात ज्यांच्याकडे दोन-चार कोंबड्या आहेत अशी पाच-सहा घरं शोधा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा आणि एका सकाळी सगळ्यांच्या कोंबड्या टोपल्यात घालून एकत्र आणा. कुपी बर्फावरच असली पाहिजे. पर्समध्ये टाकून रिक्षाने आणलेली लस म्हणजे पाणी. नवीन कोंबडी आणलीत तर तीन आठवडे वेगळी ठेवा, घरात मर आणते ती बाजारातली कोंबडीच. आणि कधी एकदम तीन-चार कोंबड्या उन्हाळा नसताना मेल्या तर उकिरड्यावर टाकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून यात हयगय करायची नसते.

पावसात अंथरूण ओलं राहिलं तर रक्ती हगवण होते, पिलांना तर फार. पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री, बाकी बाजू मोकळ्या.

खाण्याचं थोडक्यात. उरलेली भाकरी आणि भात यावर कोंबडी जगते, अंडी देत नाही. कोंबडीमागे रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम पूर्ण खाद्य लागतं. लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) तयार खाद्य आणा, किंवा निम्मं ते आणि निम्मा ज्वारी-मक्याचा भरडा, त्यावर शेवग्याचा पाला. बलक पिवळाधमक होतो तो पाल्याने आणि पिवळ्या मक्याने. बुरशीची पेंड, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून लोक देतात. चालत नाही. त्या बुरशीच्या विषाने यकृत खराब होतं.

सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. नफ्याचा हिशेब मांडलात तर चार कोंबड्यांत काही उरत नाही, हे त्यांना मान्य करून टाका. पण आज विकायला गेलात तर पांढऱ्या तुऱ्याच्या कोंबडीला भाव कुणी देणार नाही, आणि घेणाऱ्याच्या घरी गोचीड जातील ते वेगळंच. त्यांना म्हणावं, दिवाळीपर्यंत थांबा, तोवर विकायच्या तरी लायकीच्या होऊ द्या. आणि रात्री बॅटरी धरायला त्यांनाच बरोबर घ्या. मोहोळ-पंढरपूरकडच्या त्या पिढीतल्या बायकांना हा गोचीड आपल्यापेक्षा चांगला ओळखता येतो.

परसात, सरपणात जुनी अंडी सापडली तर ती घरात आणू नका. मेमध्ये आठ-दहा दिवस बाहेर पडलेलं अंडं पाण्यात टाकून बघायचीही गरज नाही, लांब खड्ड्यात पुरा. फोडू नका. शेजारी आधीच वासावर आहेत.